वीस वर्षांनी परत बाईकवर बसताय? आधी थांबायला शिका

२००४ ला मुलगी झाली आणि त्याच वर्षी मी माझी आरएक्स १०० विकली. मग अठरा वर्षं कार, आणि भाजी-दूध-बँक एवढ्यापुरती घरातली ॲक्टिव्हा. २०२२ ला, पन्नाशीत, परत गियरची गाडी घेतली, १६० सीसीची, सेकंडहॅन्ड. तेव्हापासून ओळखीतल्या पाच-सहा जणांनी तरी विचारलंय की काय काय करावं लागतं, जमेल का आता, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. गाडी चालवणं दोन दिवसांत परत येतं, खरंच येतं, क्लच सोडला की पायाला आपोआप कळतं गियर कुठंय ते. गाडी थांबवणं मात्र परत यायला दोन महिने लागतात. आणि आपल्याला वाटतं सगळंच आलं, कारण गाडी पळतीय ना व्यवस्थित. धोका आहे तो या मधल्या दिवसांत.

माझंच सांगतो. दुसरा आठवडा होता, माधवनगरच्या रस्त्याला सकाळी सातच्या सुमारास पंचेचाळीसच्या स्पीडला चाललो होतो, रस्ता मोकळा, आणि डावीकडून कुत्रं पळत आलं. माझ्या डाव्या हातानं जोरात दाबला तो क्लच, कारण ॲक्टिव्हावर तिथं ब्रेक असतो. उजव्या पायानं मागचा ब्रेक पार खाली. आणि पुढचा ब्रेक, जो खरा थांबवतो, त्याच्यावर बोटं गेलीच नाहीत, उजवी मूठ नुसती घट्ट धरून बसलो. मागचं चाक लॉक झालं, गाडीची शेपूट डावीकडं सरकली, आणि कशीबशी थांबली. कुत्रं निघून गेलं होतं. मी गाडी कडेला लावली आणि रस्त्यावर उमटलेला टायरचा काळा पट्टा चालत मोजला, एकोणीस पावलं, शेवटी विळ्यासारखा वाकलेला. हात थरथरत होते. त्या दिवशी ठरवलं की थांबण्याची प्रॅक्टिस झाल्याशिवाय आता मोठ्या रस्त्यावर जायचं नाही.

तर सुरुवात कागदांपासून, हे पटकन उरकतो. लायसन्स काढून बघा, त्यावर एमसीडब्ल्यूजी लिहिलेलं पाहिजे, म्हणजे गियरवाली मोटारसायकल. नुसतं विदाऊट गियरचं असेल तर चालत नाही. मुदत संपली असेल आणि त्याला एक वर्षाच्या वर झालं असेल तर परत टेस्ट द्यावी लागते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तसा नियम आहे. चाळिशीच्या पुढं असाल तर डॉक्टरचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १ ए. अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर होतो. जुनीच गाडी बाहेर काढणार असाल तर आरसी बुकची तारीख बघा, पंधरा वर्षं झाली असतील तर री-पासिंग, शिवाय इन्शुरन्स, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर ती नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. हे कंटाळवाणं आहे पण करून घ्या, उद्या काही झालं तर लायसन्स नाही म्हणून इन्शुरन्सवाले हात वर करतात आणि मग घरच्यांचे हाल होतात.

आता गाडी कुठली घ्यायची. इथं माझं मत जरा कडक आहे. पन्नाशीत हातात पैसा असतो आणि कॉलेजात असताना जी परवडली नाही ती घ्यायची इच्छा असते, मी समजू शकतो. पण आरएक्स १०० होती शंभर किलोच्या आसपास, स्प्लेंडर एकशेदहा-बारा, आणि आजची क्लासिक ३५० आहे १९५ किलो. पळताना वजन कळत नाही, कळतं ते सिग्नलला उताराला थांबल्यावर, पार्किंगमध्ये मागं ढकलताना, खडीवर पाय टेकवताना. परत आलेल्या माणसाची गाडी बहुतेक वेळा उभ्या उभ्याच पडते, आणि घोटा जातो तो तिथंच. म्हणून पहिले सहा महिने १२५ ते १६० सीसीची, दोन्ही पाय सपाट टेकतील अशी गाडी. मित्राची किंवा सेकंडहॅन्ड असली तरी चालेल. मग घ्या मोठी, कोण नको म्हणतंय.

एबीएस असलेली घ्या हे मात्र पक्कं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना ते सक्तीचं झालं, त्याच्या खालच्यांना कॉम्बी ब्रेक, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. पण बऱ्याच गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं, माझ्याही तसंच आहे, म्हणून तर मागचं चाक घसरलं.

आणि बाकी काय काय बदललंय ते माहीत असू द्या, नाहीतर रस्त्यात गोंधळ होतो. नव्या गाड्यांना चोक नाही, रिझर्व्हचा कॉक नाही, पेट्रोल कमी झालं की माझा डावा हात अजून खाली जातो कॉक शोधायला. हेडलाईट बंद करायचं बटणच नाही, २०१७ पासून दिवसापण चालूच राहतो, तुम्हाला समोरून लोक हातानं खुणा करतील लाईट चालू आहे म्हणून, लक्ष देऊ नका. बऱ्याच गाड्या साईड स्टँड लावलेला असताना गियर टाकला की बंद पडतात, गाडी बिघडली नाहीय, स्टँड वर घ्या. आणि गियर. जुनी बुलेट चालवलेल्यांनी इथं जास्त जपायचं, कारण त्यांचा गियर होता उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, आता सगळ्यांचा उलट. घाईच्या वेळी पाय जुन्या जागी जातो. स्प्लेंडरवाले चारही गियर खाली पाडायचे, आता एक खाली बाकीचे वर. येझदीवाल्यांना तर गियर आणि किकचा एकच दांडा, त्यांना सेल्फ स्टार्टची सवय व्हायला फार वेळ लागायचा नाही. उभ्या गाडीवर, इंजिन बंद, डोळे मिटून, 'ब्रेक' म्हटलं की पुढचा आणि मागचा दाबायचा, 'क्लच' म्हटलं की क्लच, असं रोज दहा मिनिटं घरातल्या कुणाला तरी बोलायला लावून करा. ॲक्टिव्हाची सवय असलेल्यांनी तर हे केलंच पाहिजे, डावा हात म्हणजे ब्रेक हे डोक्यातून काढायला दुसरा उपाय नाही.

जुनीच गाडी शेडमधून काढणार असाल तर लोक आधी इंजिन चालू करायच्या मागं लागतात. उलटं करा. आधी टायर. टायरच्या साईडला चार आकड्यांचा शिक्का असतो, २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसू दे, पाच-सहा वर्षांच्या वरचं रबर कडक होतं आणि पावसात साबणासारखं सरकतं, बदला. नवीन टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळू, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पकड येत नाही. मग ब्रेक, ड्रम असेल तर लायनर काढून बघा, डिस्क असेल तर ब्रेक ऑइल बदलाच, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि मग ऐनवेळी लिव्हर मऊ पडतो. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल. चेन. हे सगळं झालं की मग इंजिनाकडं वळा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, त्याचा डिंक होतो आणि कार्बोरेटरचे जेट बुजतात. प्लग काढून आत चार थेंब ऑइल सोडा आणि हातानं हळूहळू किक फिरवा, एकदम मारू नका. एअर फिल्टर उघडून बघा, उंदरानं घर केलेलं मी स्वतः बघितलंय. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि सील त्याला टिकत नाहीत, ते नवीन टाका.

हेल्मेट जुनं वापरू नका, वीस वर्षांपूर्वीचं माळ्यावरचं तर नाहीच, आतला थर्माकोल मेलेला असतो. आयएसआय मार्क बघा, त्यावर आयएस ४१५१ लिहिलेलं असतं. दुकानात घालून दहा मिनिटं तसेच उभं राहा, हलवलं की गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे, कपाळावर एका जागी टोचत असेल तर साईज चुकलाय. पट्टा लावल्याशिवाय हेल्मेट म्हणजे टोपी. हातमोजे घ्या, माणूस पडताना तळहात पुढं टाकतो. घोटा झाकणारे बूट. चप्पल घालून प्रॅक्टिस नाही, कितीही जवळ असू दे.

शरीराबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. चाळिशी लागल्यावर चष्मा बदललेला असतो. वरनं लांबचं, खालनं जवळचं असा नंबर असेल तर आरशात बघताना डोळे खालच्या भागातून जातात आणि मागची गाडी पुसट दिसते. मी लांबचा एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला गाडीसाठी, हजार-दीड हजारात झाला, त्याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही. रात्री समोरच्या एलईडीनं डोळ्यापुढं चांदण्या येत असतील तर मोतीबिंदू तपासून घ्या आणि तोवर रात्रीची गाडी बंद. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला स्पष्ट विचारा की गाडी चालवतो, झोप किंवा चक्कर येईल का. मान वळते का बघा, दोन्ही खांद्यावरून मागं बघता आलं पाहिजे. आणि मनगट, ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून अर्ध्या तासात बोटं आखडतात, त्यासाठी टीव्ही बघताना मऊ चेंडू दाबत बसा, पंधरा दिवसांत फरक कळतो.

आता मैदान. मी रविवारी सकाळी मार्केट यार्डात जायचो, काँक्रीट मोठं, हमाल-ट्रक कोणी नाही. तुमच्याकडं शाळेचं ग्राउंड असेल, एमआयडीसीतला सुट्टीच्या दिवशीचा रस्ता असेल, परवानगी काढून जा. बरोबर एक माणूस पाहिजेच. अर्धा-पाऊण तास बास, त्याच्यापुढं थकवा येतो आणि थकल्यावर चुकीचंच हाताला बसतं.

पहिल्या दिवशी इंजिन चालूच करू नका. गाडी ढकला, पुढं मागं, वळवा, स्टँडला लावा काढा. एकदा मुद्दाम, जुन्या गादीवर, माणूस हाताशी घेऊन, गाडी आडवी करा आणि उचलून बघा. उजवीकडं पडलेली असेल तर आधी साईड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, गियरमध्ये टाकायची, मग गाडीकडं पाठ करून बसायचं, एका हातात हँडल एका हातात मागचं कॅरियर, आणि कंबर न वाकवता मांड्यांच्या जोरावर मागं मागं चालत उभी करायची. तोंड गाडीकडं करून ओढाल तर मणका जाईल.

मग क्लच. ॲक्सिलरेटर न देता फक्त क्लच हळू सोडून गाडी एक हात पुढं न्यायची, परत दाबायची, परत सोडायची. ती जागा, जिथं गाडी ओढायला लागते, ती बोटांना पाठ झाली पाहिजे. मग चालत्या माणसाच्या वेगानं वीस मीटर, पाय वर, मागचा ब्रेक किंचित दाबलेला आणि क्लच अर्धा. हे जमलं की ट्रॅफिकची निम्मी भीती गेली. मग आरटीओचा आठ काढा, मोठा काढा मग लहान करत जा, आणि नजर पुढच्या चाकावर नाही तर जिथं जायचंय तिथं, हनुवटी वळवून. गाडी नजरेच्या मागं जाते. खड्ड्याकडं बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल, हे खरंच असंच होतं.

आणि मग ब्रेक. इथं मी आठ रविवार घालवले आणि एकही वाया गेला नाही असं मला वाटतं. आपल्या सगळ्यांना लहानपणी सायकल शिकवताना सांगितलंय, पुढचा ब्रेक मारू नको, पालथा पडशील. ते हाडात बसलंय. पण ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं दोन तृतीयांशाहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. मागचा फक्त आधाराला. पालथं पडतो ते पुढचा ब्रेक वापरल्यानं नाही, झटका दिल्यानं.

झटका न देता कसं दाबायचं, तर रसाचा आंबा पिळायच्या आधी आपण तो माचवतो ना, आधी हलक्या हातानं, मग तो मऊ होत जाईल तसा जोर वाढवत, तसं. आधी लिव्हरचा ढिलेपणा घ्यायचा, पुढचा शॉकअप खाली बसल्याचं हाताला कळतं, आणि तो बसला की मग दाबा, जितका पाहिजे तितका. हे सगळं अर्ध्या सेकंदाचं काम आहे पण हळू करून शिकायचं. ॲक्सिलरेटर पूर्ण बंद, गुडघ्यांनी टाकी आवळलेली, हात कोपरात सैल, नजर समोर लांब, क्लच अगदी शेवटी. आधी वीसच्या स्पीडवरून दहा वेळा. मग तीस. मग चाळीस. दोन विटा ठेवा, वीट आली की ब्रेक, आणि थांबलात तिथून वीटेपर्यंत पावलं मोजा, वहीत लिहा. चाळीसवरून मला सुरुवातीला तेवीस-चोवीस पावलं लागायची, दीड महिन्यानं चौदा. त्या मधल्या दहा पावलांत एक अख्खी ॲम्ब्युलन्स उभी राहते.

स्पीड दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं हेपण लक्षात ठेवा. चाळीसला साधारण दहा मीटर, तर ऐंशीला चाळीस. आणि हे बोटं लिव्हरवर गेल्यानंतरचं. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते, म्हणजे डोळ्यानं बघून हात हलेपर्यंतच दीड बस पुढं गेलेला असता. म्हणून वस्तीत, चौकात, शाळेसमोर दोन बोटं कायम पुढच्या ब्रेकवर ठेवायची. माती, बारीक खडी, ओला रंगाचा पट्टा असेल तिथं पुढचा हलका करा, आणि वळणात गाडी कललेली असताना जोरात ब्रेक लागणार असेल तर आधी गाडी सरळ करा. एबीएसवाल्यांनी मैदानात एकदा पूर्ण ताकदीनं दाबून बघा, लिव्हर बोटाखाली धडधडतो, घाबरून सोडू नका, ते काम करतंय.

रस्त्यावर पहिल्यांदा जाल तेव्हा रविवारी सकाळी सहा ते आठ, ओळखीचा रस्ता, दहा-पंधरा किलोमीटर, एकटे. पुढच्या गाडीचं अंतर मी असं मोजतो, ती खांबाजवळून गेली की मनात सावकाश 'रामकृष्णहरी, रामकृष्णहरी' म्हणायचं, दोनदा पूर्ण व्हायच्या आत आपण खांबाजवळ आलो तर फार जवळ आहोत. पावसात चार वेळा. लेनच्या मधोमध चालवू नका, तिथं ऑइल सांडलेलं असतं, पुढच्या कारच्या उजव्या चाकाच्या रेषेत राहा म्हणजे ड्रायव्हरला आरशातही दिसता. इंडिकेटर आपोआप बंद होत नाही, कारची सवय झालेले सगळे विसरतात. आणि आता आवाज नसलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर आल्यात, कानावर विसंबून लेन बदलायचे दिवस गेले, प्रत्येक वेळी मान वळवून बघायचं.

सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर भागातल्यांना वेगळं सांगतो, गळीत हंगामात, दिवाळीपासून पुढं चार-पाच महिने, रात्री बाईक नको. ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या वाड्यानं झाकलेला, आणि ऊस दोन्ही बाजूला हातभर बाहेर. समोरच्या गाडीच्या लाईटमध्ये डोळे दिपलेले असताना ती ट्रॉली दिसते ती वीस मीटरवर. वर हिशोब दिलाय, साठच्या स्पीडला वीस मीटरमध्ये कुणीच थांबू शकत नाही, तरुणपण नाही. माझ्या ओळखीतली दोन घरं यात उघडी पडलीत. दिवसापण ट्रॉलीच्या मागं चिकटून राहू नका, मोळ्या खाली पडतात, आणि कारखान्याच्या वळणावर चिपाड आणि मळीनं रस्ता बुळबुळीत झालेला असतो.

घाट हजार किलोमीटर झाल्यावर. आंबा घाट, कुंभार्ली, तुम्हाला जवळचा जो असेल तो. उतरताना न्यूट्रल कधीच नाही, ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा, ब्रेक तापत नाहीत. वळण यायच्या आधी स्पीड कमी, वळणात ॲक्सिलरेटर हलका चालू. मधल्या पट्ट्याला चिकटू नका, समोरून एसटी वळते तेव्हा तिचं नाक तुमच्या बाजूला येतं. पहिल्या पावसाचे दोन-तीन दिवस घाटात जाऊच नका, उन्हाळाभर सांडलेलं ऑइल वर येतं. आणि द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू, इथं दुचाकीला बंदी आहे, मॅप तिकडं वळवतो म्हणून लिहितोय.

मागं माणूस सगळ्यात शेवटी. घरातली मंडळी म्हणतातच, आम्हाला कधी नेणार, पण वहीतली पावलं दोन-तीन रविवार सारखी येईपर्यंत थांबा. माणूस बसला की थांबायचं अंतर वाढतं आणि गाडी वळायला जड होते, म्हणून परत एकदा मैदानात, त्यांना मागं बसवून, तीसवरून ब्रेक. मागच्या टायरची हवा वाढवा, किती ते चेनकव्हरवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं. त्यांनाही हेल्मेट. साडी असेल तर पदर खोचलेला, ओढणी असेल तर गाठ मारलेली, चाकाजवळ सुटं काही नको, आणि शक्यतो दोन्हीकडं पाय टाकून. तुमच्या कंबरेला धरायचं, ब्रेकच्या वेळी हात तुमच्या पाठीवर नाही तर टाकीवर टेकवायचे, वळताना तुमच्याबरोबर कलायचं, उलट्या बाजूला नाही.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो ते नरसोबाच्या वाडीला, वीस-बावीस किलोमीटर, मैदान सुरू केल्यापासून चौथ्या महिन्यात. जाताना एका गावात शाळेतलं पोरगं सायकल घेऊन आडवं आलं. दोन बोटं ब्रेकवर होतीच. गाडी सरळ रेषेत थांबली, पोरगं आणि आमच्यात सायकलभर अंतर होतं, आणि ही मागून म्हणाली, अहो, थांबलात का, वाडी आली का?